बिनदोषाची बैठक

आमच्याकडे प्लंबर आला की आधी दबक्या आवाजात विचारतो, "मुकादम आहेत का घरात?" आहेत म्हटलं की त्याचं तोंड पडतं. मुकादम म्हणजे माझी भावजय, धाकट्या भावाची बायको. हे नाव मी ठेवलं आणि जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांनी उचललं. ती प्लंबरवर ओरडत नाही, हीच त्याची खरी अडचण. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला कसं गुंडाळायचं ते त्याला पाठ आहे. ही स्टूल घेऊन न्हाणीघराच्या दारात बसते आणि शांतपणे विचारते, "काय अडलंय?" वायसर मिळत नाही म्हणाला, तर कुठल्या दुकानात मिळत नाही, ते दुकान कधी उघडतं, दुसऱ्या मापाचा चालेल का, चालणार नसेल तर का नाही. शेवटी तो बिचारा काम उरकून टाकतो, कारण हिच्याशी बोलत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं.

तिच्या पोटापाण्याचा उद्योगही हाच. एका सॉफ्टवेअर कंपनीत ती टेक्निकल प्रोग्राम मॅनेजर आहे आणि घरूनच काम करते. म्हणजे नक्की काय करते, असं शेजारणी मला विचारतात, तेव्हा मी आपलं शिवणकामातलं सांगते. समजा एक कोट शिवायचाय. कापणारा एका देशात, शिवणारा दुसऱ्या, काज करणारा तिसऱ्या. एकाची सकाळ ती दुसऱ्याची झोपायची वेळ. आणि प्रत्येकाची खात्री की उशीर दुसऱ्यामुळेच झाला. या सगळ्यांकडून ठरल्या दिवशी कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा. स्वतः सुईला हात लावायचा नाही आणि कुणाला हुकूमही सोडायचा नाही, कारण यांतलं कोणीच तिच्या हाताखाली नाही. हाताखाली कोणी नाही आणि डोक्यावर सगळ्यांचं ओझं, अशी ही मुकादमी.

मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या दुरुस्त्या करते. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, पडदे शिवणं. आतली खोली तिची. हेडफोन लावला की तिचे कान ठणकतात, म्हणून बोलणं सगळं स्पीकरवर, आणि दार लावलं की जीव गुदमरतो, म्हणून दार उघडं. त्यामुळे तिची कंपनी अर्धी माझीही झाली आहे. बसल्या जागेवरून, मान जरा वाकडी केली तर, मला तिची स्क्रीनसुद्धा दिसते. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली विटलेला पायजमा घालून ती बसलेली असते, आणि समोर चौकोनाचौकोनांत तिची माणसं.

त्यांत एक दाढीवाला. सगळ्यांत जुना इंजिनिअर. बोलायच्या आधी दाढी खाजवतो, आणि पुष्कळदा नुसती खाजवूनच थांबतो. एक साहेब. त्यांचा आवाज इतका गोड की मी त्यांना मधाळ म्हणते. आणि एक धाकटी. तिच्या पाठीमागच्या कपाटाचं दार नीट लागायचं नाही. ऐन बोलण्याच्या भरात ते हळूच उघडायचं आणि ती मागे न बघता कोपराने ढकलायची. कामाला लागली तेव्हा अगदी कोवळी होती. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात कमावणारी ती एकटी. मुकादमीणबाईंनी तिला बोट धरून शिकवलं. ती हिला "ताई" म्हणायची, आणि हिला लहान बहीण नाही, तेव्हा ही विरघळायचीच. कपाटाच्या दाराखाली कागदाची घडी कशी सारायची इथपासून साहेबांशी कसं बोलायचं इथपर्यंत सगळं ती हिला विचारायची. दोघींची प्रत्यक्ष भेट मात्र एकदाही झाली नव्हती.

आता त्या बैठकीबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

या कंपनीच्या आधी ही दुसरीकडे होती. तिथे एका माणसाच्या हातून चूक झाली आणि भीतीपोटी त्याने ती दडवली. दडवण्यासाठी दुसरी केली, ती झाकायला तिसरी. बाहेर आलं तोवर सगळा डोलारा कोसळला होता. हिच्या मनाला ते फार लागलं. चूक वाईट नसते ताई, दडवलेली चूक वाईट, असं ती तेव्हा मला येताजाता म्हणायची. म्हणून इथे येताना तिने एकच अट घातली. काही बिघडलं तर सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि काय घडलं ते मोकळेपणाने सांगायचं. जो सांगेल त्याला त्याबद्दल कसलीही शिक्षा नाही. या बैठकीला त्यांच्यात इंग्रजी नाव आहे. मी आपली तिला बिनदोषाची बैठक म्हणते.

"माझा शब्द आहे तुम्हाला," असं मधाळ साहेब म्हणाले होते. मी तेव्हा एका जाकिटाचं अस्तर काढत होते. मी तिला म्हटलं, "त्यांचा शब्द किती दिवसांचा ते विचारलंस का?"

"तुम्हाला सगळीकडे उसवलेलंच दिसतं," ती हसत म्हणाली.

पण खरं सांगायचं तर तिने ते करून दाखवलं. दर वेळी बैठकीच्या सुरुवातीला तिचं तेच वाक्य असायचं: "काय घडलं ते आपण शोधतोय, कुणी घडवलं ते नाही. इथे बोललेलं कुणाच्याही अंगाशी येणार नाही." आधी माणसं चाचरायची. मग हळूहळू बोलायला लागली. चुका लवकर सापडायला लागल्या आणि कंपनीचं बरं चाललं. इतकं की हे खूळ घरातही शिरलं. मी एका गिऱ्हाइकाच्या कोटावर इस्त्री ठेवून दार उघडायला गेले आणि कोट जाळला, तेव्हा भावाने तोंड उघडायच्या आत हिने स्वयंपाकघरात बैठक लावली. "ताई, काय घडलं?" मी रागावले, मग हसले, मग सांगितलं. त्यातून निघालं काय, तर इस्त्री ठेवायला माझ्या हाताजवळ जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी भावाने फळी ठोकून दिली. त्या दिवसापासून मीही तिच्या बाजूची झाले. माणूस न घाबरता खरं बोलू शकला तर किती हलकं वाटतं, ते मी स्वतः अनुभवलं होतं.

त्यांचं सॉफ्टवेअर सामान पोहोचवणाऱ्या गाड्यांना पत्ते सांगतं. एके सकाळी गिऱ्हाइकांचे नवे पत्ते सगळे पुसले गेले आणि जुने वर आले. माणसं ज्या घरांतून केव्हाच निघून गेली होती, त्या घरांसमोर गाड्या जाऊन उभ्या. एका म्हाताऱ्या बाईच्या दारात कुणाचा तरी पलंग, कपाट आणि आरसा उतरवून ठेवला. बाई म्हणे खूश होती. फर्निचरवाला बडा व्यापारी मात्र खवळला आणि त्याने मधाळ साहेबांना सळो की पळो करून सोडलं.

दुसऱ्या दिवशी बिनदोषाची बैठक. सगळे चौकोन भरले. साहेबही आले, पण कॅमेरा बंद ठेवून. हिने आपलं वाक्य म्हटलं. मी पायडलवरचा पाय काढला, म्हटलं आवाज नको.

"माझ्या हातून झालं," धाकटी म्हणाली.

"कुणाच्या हातून ते राहू दे. काय घडलं ते सांग."

तिने सांगितलं. स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक सरावाची, एक खरी. दिसायला दोन्ही सारख्या. सरावाच्या खिडकीत पत्ते पुसायचे होते, ते तिने खऱ्या खिडकीत पुसले. वडिलांना औषध द्यायला मध्येच उठली होती आणि परत येऊन बसली ती चुकीच्या खिडकीसमोर. तिने काही लपवलं नाही.

मग साहेब बोलले. आवाज तोच, साखर घोळलेला. "बाळा, आपला नियम आहे ना, की खऱ्या खिडकीत काही करायचं तर दुसऱ्या कुणीतरी आधी बघायचं? सहज विचारतो, असं एकटीने तू आधीही करायचीस का?"

धाकटी थांबली. तिने स्क्रीनकडे पाहिलं. आता स्क्रीनकडे पाहणारा माणूस नक्की कुणाकडे पाहतो ते कळत नाही, पण हिला कळलं. ही म्हणाली, "सांग. इथे भीती नाही."

"हो," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या माणसाची तेव्हा झोपायची वेळ असते. काम तर थांबवता येत नाही. आम्ही सगळेच तसं करतो."

सगळेच म्हणाली ती. आणि त्या सगळ्यांतल्या एकानेही "हो, मीही करतो" म्हटलं नाही. दाढीवाल्याने दाढी खाजवली. बाकीचे मूग गिळून बसले. त्या वेळी मला ते खटकलं नाही, हिलाही नाही. पुढे मात्र तेवढी शांतता हिने मला कितीदा तरी सांगितली.

बैठक छान झाली, असंच तेव्हा वाटलं. खऱ्या खिडकीला लाल चौकट घालायची ठरलं, म्हणजे कुणाचीही गल्लत होणार नाही. ही बाहेर आली ती खुशीत. चहा टाकता टाकता म्हणाली, "किती धीराची पोरगी आहे बघा. मी तिच्या वयाची असते तर माझी दातखीळ बसली असती."

पुढच्या आठवड्यात मी आत चहा घेऊन गेले, तर ही स्क्रीनकडे बघत नुसती उभी. धाकटीचा मेसेज होता. मी तो वाचला. तिला कामावरून काढलं होतं. नियम वारंवार मोडला, आणि तसं तिने सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, हे कारण. खाली एकच ओळ होती: "ताई, तुम्हाला हे माहीत होतं का?"

हिने उभ्या उभ्याच "नाही ग" असं लिहिलं आणि पाठवलं. ते गेलंच नाही. तेवढ्यात कंपनीने धाकटीचं खातं बंद केलं होतं. तिचं नाव करडं पडलं. ही परत परत पाठवत राहिली. मी चहा तिथेच टेबलावर ठेवला.

आणि मग लक्षात आलं की हिच्याकडे धाकटीचा फोन नंबरच नाही. इतकी वर्षं रोज बोलणं, पण सगळं कंपनीच्या त्या स्क्रीनमधून. वडिलांच्या गोळ्यांची नावं हिला पाठ, कपाटाच्या दाराची करकर ओळखीची, आणि पोरगी राहते कुठे ते ठाऊक नाही. कंपनीच्या ऑफिसात विचारलं तर म्हणाले, ही खासगी माहिती आहे. माणसाला घालवून दिल्यावर त्याच्या खासगीपणाची काळजी यांना. मला इतका संताप आला की एका गिऱ्हाइकाची चेन मी उलटी बसवली.

इंटरनेटवर शोधून शोधून हिने तिचं पान काढलं आणि तिथे लिहिलं. मला खरंच माहीत नव्हतं, मी साहेबांशी बोलते, तू फक्त एकदा फोन कर. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं. धाकटीने ते वाचल्याची खूण आली. दोघी आम्ही स्क्रीनसमोर बसून राहिलो. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर धाकटीने ते पान हिच्यापुरतं बंद करून टाकलं होतं. म्हणजे तिच्या लेखी निकाल लागला होता. ताई त्यांना सामील होत्या.

साहेबांशी ही बोलली ते मी अक्षरन् अक्षर ऐकलं, कारण त्या दिवशी मी मशीनवर बसलेच नव्हते.

"तुम्ही मला शब्द दिला होता," ही म्हणाली.

"आणि तो मी पाळला. बैठकीत तिला कोणी दोष दिला का? एक अक्षर तरी वावगं बोललं का कोणी? निर्णय बैठकीच्या बाहेर झालाय."

"पण तिने सांगितलं ते बैठकीत. मी सांग म्हटलं म्हणून सांगितलं."

"त्याबद्दल मी तुमचा आभारीच आहे. तुमच्यावर केवढा विश्वास आहे सगळ्यांचा. मी विचारलं असतं तर ती बोलली नसती. त्या व्यापाऱ्याला आपल्याला काहीतरी दाखवावं लागणार होतं ना."

हिने कॉल बंद केला. केसाने गळा कापला होता, आणि वर तुमचा केस किती छान असं कौतुक.

ते कौतुकही तिथे थांबलं नाही. महिन्याच्या मोठ्या सभेत, सगळ्या कंपनीसमोर, मधाळ साहेबांनी हिची पाठ थोपटली. काय तो मोकळेपणा, काय ते विश्वासाचं वातावरण. चौकोनांतून टाळ्यांची चित्रं वर तरंगत आली. ही कॅमेऱ्यासमोर हसली. ते हसू मी पाहिलंय. देव करो आणि परत न दिसो.

भाऊ म्हणाला, "सोडून दे ही नोकरी. दुसरी मिळेल."

"मिळेल," ती म्हणाली. "पण तिथे गेल्यावर कुठली अट घालू?"

त्यानंतर ही बदलली. कामात कुठे कमी नाही, पण "काय अडलंय?" हे तिच्या तोंडून गेलं. प्लंबर येऊन गेला, आणि ही आतून उठलीसुद्धा नाही. त्याने नळ अर्धवट ठेवला आणि जाताना मलाच विचारलं, "बरं नाही का त्यांना?" जेवताना भावाने कसल्याशा बिलाबद्दल थाप मारली, ती मला कळली, तिलाही कळली असणार, पण तिने कानाडोळा केला. मी धाकटीवरही चिडायचे. एवढी वर्षं जिने हात धरला, तिला एकदा विचारशील तरी? पण मग वाटायचं, तिने विचारलं तर होतं. उत्तर पोहोचलं नाही, आणि नंतरच्या उत्तरावर कोणी का विश्वास ठेवावा?

मग परत काहीतरी बिघडलं. काय ते मला नीट समजलं नाही. गाड्या तासन् तास गोदामातच उभ्या राहिल्या एवढं खरं. बैठक दुपारी होती. सकाळीच दाढीवाल्याने हिला कॉल लावला. कॅमेऱ्यात त्याचा चेहरा पांढराफटक.

"मॅडम, माझ्या हातून झालंय," तो म्हणाला. "अजून कुणाला माहीत नाही. बैठकीत सांगू का?"

मी दारात येऊन उभी राहिले. हाच तो, धाकटीच्या वेळी दाढी खाजवत बसलेला. तो तेव्हा तीन शब्द बोलला असता तर एकटीवर खापर फुटलं नसतं. मी हाताने हिला खूण केली, बोलू दे त्याला. होऊ दे त्याचंही. माझ्या मनात तेव्हा दुसरं काही नव्हतं, आणि मला त्याची लाजही वाटत नाही.

दाढीवाला वाट बघत होता. त्याच्या मागून कुठूनतरी लहान मुलाच्या रडण्याचा आवाज येत होता.

"नको," ती म्हणाली. "काही बोलू नका. कुणी विचारलं तर माहीत नाही म्हणा."

दुपारी बैठक भरली. साहेब आले. हिने आपलं ते वाक्य म्हटलंच नाही, सरळ कामाला सुरुवात केली. तेव्हा साहेबच पुढे सरसावले. "सगळ्यांनी मोकळेपणाने बोला हं. इथे भीती नाही." हिचेच शब्द, त्या मधाळ आवाजात. कोणी बोललं नाही. ही एकेकाला विचारत गेली आणि एकेक जण माहीत नाही म्हणत गेला. दाढीवालाही म्हणाला. कारण सापडलं नाही, असं हिने लिहून टाकलं. ज्या बाईने वायसरचं कारण सापडेपर्यंत प्लंबरला सोडलं नाही, तिने. बैठक लवकर संपली.

"वा, आटोपशीर झाली आज," साहेब म्हणाले.

ती बाहेर आली आणि माझ्यासमोरच्या कापडांच्या ढिगावर बसली. तशी ती कधी बसत नाही, गिऱ्हाइकाचे कपडे चुरगळतात म्हणून. हातात फोन होता. दाढीवाल्याचा मेसेज तिने मला दाखवला. "मॅडम, तुम्ही होतात म्हणून वाचलो."

मी म्हटलं, "कशाला वाचवलंस त्याला? आणि हे जे काय बिघडलंय ते परत बिघडेल त्याचं काय?"

"बिघडेल," ती म्हणाली.

"मग?"

तिने फोन पालथा ठेवला. मला वाटलं ती रडेल, पण ती रडली नाही. प्लंबरशी बोलायची त्याच शांत आवाजात म्हणाली, "मी तिलाही एवढंच सांगायला हवं होतं, ताई. गप्प बस म्हणून. तिने ऐकलं असतं. माझं सगळं ऐकायची ती."